भुवईचा होकार

"चपला घाला, बाकी मी बघतो."

इसिकेलीचं हे वाक्य सगळ्या किनाऱ्याला पाठ होतं. रिसॉर्टमधल्या बायका चादरींच्या घड्या घालताना एकमेकींना तेच म्हणून हसायच्या. माडावर चढलेला माणूस खाली नारळ टाकण्याआधी तेच ओरडायचा. रविवारी त्याच्या बायकोला, लाइसाला, चर्चला जायचा कंटाळा आला की इसिकेली दारात उभा राहून तिलाही तेच म्हणायचा. मग ती म्हणायची, "तू बघणार म्हणूनच तर भीती वाटते."

पण ते वाक्य शोभायचं एकाच ठिकाणी, रिसॉर्टच्या मागच्या फाटकाशी. तिथून एक वाट निघते. आधी ती उसाच्या शेतांच्या बांधाने जाते, मग ओढ्यात उतरते, पलीकडे पेरूच्या रानात शिरते आणि बांबूच्या बेटातून वाकत वाकत नाम्बिलीला पोचते. नाम्बिली म्हणजे इसिकेलीच्या आईचं माहेर. याच वाटेने ती लग्न होऊन खाली आली होती, पाठीवर गुंडाळलेली चटई घेऊन. आणि याच वाटेने तिने तान्ह्या इसिकेलीला भावाच्या घरी दाखवायला वर नेलं होतं. तेव्हा रिसॉर्ट नव्हतं. किनाऱ्यावर नुसती केवड्याची बनं होती आणि भरतीच्या वेळी खेकडे धरणारी माणसं.

पुढे रिसॉर्ट आलं, आणि त्या वाटेला नाव मिळालं. जेवणाच्या हॉलबाहेर एक फळा होता. आज काय काय करता येईल ते त्यावर रंगीत खडूने लिहिलेलं असायचं. त्यात सगळ्यात वर लिहिलेलं असे: डोंगरवाट, सोबत इसिकेली.

पाहुण्यांना घेऊन निघाला की इसिकेली पुढे चालायचा. हातात कोयता, कमरेला लुंगीसारखा गुंडाळलेला निळा सुलू, पायात जाड सोलच्या चपला. वाटेत आडवी आलेली वेल छाटायचा, ओढ्यात हात द्यायचा. शेवटच्या वळणाच्या जरा अलीकडे मात्र तो चपलेचा पट्टा नीट करायचं निमित्त करून थांबायचा आणि पाहुण्यांना पुढे जाऊ द्यायचा. त्या वळणावर एकीकडे नाम्बिलीची छपरं दिसतात आणि दुसरीकडे, खूप खाली, समुद्र दिसतो. फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ आणि तिच्या आतलं हिरवं शांत पाणी. ज्या पाण्यात हीच माणसं सकाळी डुंबत होती, ते पाणी त्यांना वरून ओळखू येत नसे. चालता चालता ती थांबायची. इसिकेली मागून त्यांच्या पाठी बघत राही. थांबलेल्या माणसाची पाठ सैल पडते, खांदे उतरतात, मान जराशी कलते. तेवढं बघितलं की तो भरून पावायचा. तो कधी कुणाला म्हणाला नाही की बघा, काय सुंदर आहे. तसं सांगणं त्याला हलकं वाटे.

मग स्विमिंग पूल मोठा केला. त्याच्या मधोमध बार बांधला. कमरेइतक्या पाण्यात दगडी स्टुलं, त्यावर बसायचं, आणि पुढ्यात अननसाचा काप खोचलेला पेला. त्या बारच्या पलीकडे, कोरड्या बाजूला, उभा असायचा एरोनी. इसिकेलीच्या मामाचा मुलगा.

मामाच्या मुलाला तिकडे भाऊ म्हणत नाहीत, मेहुणा म्हणतात. आणि मेहुण्याने मेहुण्याची चेष्टा करायची असते. केली नाही तर दोघांचं काही बिनसलंय असं लोक समजतात.

"काय मेहुणे," एरोनी लांबूनच म्हणायचा, "आज किती बकऱ्या निघाल्या डोंगरावर?"

"तुझ्या गोठ्यातून सुटतील तेव्हा ना."

"सुटतात कशाला? मी पाणी पाजतोय, चारा घालतोय. तुम्ही त्यांना काटे दाखवणार."

"तू नाम्बिलीत जन्मलास लेका. त्याच काट्यांत."

"म्हणूनच खाली आलो. आलो तो अजून वर गेलो नाही. काय समजायचं ते समजा."

इसिकेली हसायचा. पण हल्ली हसणं ओठांच्या वर जात नव्हतं. सकाळी तो या खुर्चीकडून त्या खुर्चीकडे जायचा. लांबट आरामखुर्च्यांवर माणसं तेल लावून पडलेली असत. तो अदबीने वाकून नमस्कार करायचा, "बुला, मॅडम. बुला, सर. आज वर यायचं का? ओढ्याला छान पाणी आहे." ती माणसं वाईट नव्हती. सगळी गोड बोलायची. "उद्या नक्की." "आज जरा ऊन आहे." "आज जरा ढग आहेत." "नवरा उठला की विचारते." एकाने तर चष्मा वर न करताच विचारलं, "तिथे वायफाय आहे का?" आणि नाही म्हटल्यावर उलट इसिकेलीचंच सांत्वन केलं, "असू दे, असू दे, येईल हळूहळू."

राग यावा असं कुणी काही करत नव्हतं. हाच त्रास होता. दगडाची ठेच लागली तर दगडाला शिवी देता येते. इथे सगळीकडे मऊ वाळू.

पाहुणे येईनात, तरी तो एकटा जाऊन वाट साफ करायचा. तिकडचं रान एका पावसात वाट गिळतं. सकाळी छाटलेली वेल आठवडा उलटायच्या आत पुन्हा आडवी पडलेली असते. तो छाटायचा, ओढ्यातले घसरलेले दगड जागेवर लावायचा, आणि शेवटच्या वळणावर गेला की सवयीने थांबायचा. पुढे कुणीच नसायचं.

एका मंगळवारी वानीने त्याला ऑफिसात बोलावलं. वानी राजधानीतली, सुवा शहरातली, वयाने त्याच्या मुलीएवढी, पण या सगळ्या फेऱ्या, नाच, होड्या तिच्या हाताखाली.

"बसा दादा. फळा नवा रंगवायचाय," ती म्हणाली. "मालकांचं म्हणणं आहे, जे चालत नाही ते ठेवू नका. डोंगरवाटेवर शेवटचं कोण गेलं होतं?"

इसिकेलीने खिडकीतून बाहेर बघितलं. "एक जोडपं आलं होतं. ओढ्यापर्यंत."

"ओढ्यापर्यंत."

"तिच्या नव्या बुटांना चिखल लागला."

वानीने खुर्ची जरा पुढे ओढली. मग म्हणाली, "या शनिवारी एक तरी मोठी टोळी वर न्या. तेवढं झालं तर मी तुमच्यासाठी भांडेन, खरंच भांडेन. नाहीतर तुम्हाला टॉवेलच्या खिडकीवर घेते. सावलीचं काम आहे. तुमचे गुडघेही आता..."

"गुडघ्यांना काही झालेलं नाही."

"बरं. नाही झालेलं."

टॉवेलची खिडकी म्हणजे पूलच्या कडेची लाकडी टपरी. पाहुण्याने ओला टॉवेल टाकायचा, आतल्याने कोरडा द्यायचा. म्हणजे माणसांना पडून राहायला मदत करायची. आणि वाट? पाहुणे नसले तर पगारी माणूस वाट साफ करायला कोण पाठवणार? आईच्या चटईची वाट पेरूच्या आणि बांबूच्या पोटात जाणार. नाम्बिलीची माणसं हल्ली पलीकडच्या अंगाने झालेल्या मोटारीच्या रस्त्यानेच ये-जा करतात. त्यांनाही या वाटेची गरज उरलेली नव्हती. गरज होती ती एकट्या इसिकेलीला.

त्या आठवड्यात न्यूझीलंडहून एक मोठं कुटुंब उतरलं होतं. लेकी, जावई, नातवंडं, आणि सगळ्यांच्या वर कोलीन नावाची आजी. ती हो म्हणाली की सगळे उठायचे, ती नको म्हणाली की सगळे बसायचे. इसिकेलीने हे पहिल्याच जेवणाला हेरलं. बुधवारी, ऊन कलतं झाल्यावर, तो तिच्या खुर्चीशी गेला.

"बुला, मॅडम. झोपमोड तर नाही केली?"

"नाही रे बाबा. बोल."

आणि इसिकेली बोलला. एरवी तो थोडं बोलायचा, त्या दिवशी त्याचा बांध फुटला. म्हणाला, वर माझ्या आईचं माहेर आहे. शनिवारी तुम्ही सगळे आलात तर माझा मामा जमिनीत खड्डा खणून भट्टी लावेल. त्यात तापलेले दगड, दगडांवर डुक्कर आणि अळूचे कंद, वर केळीची पानं, वर माती. अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवतील. बायका नव्या चटया अंथरतील. मुलांना ओढ्यात पोहता येईल. तुम्ही याल ना?

कोलीनबाईने गॉगल जरासा खाली घेतला. तिच्या दोन्ही भुवया हळूच वर गेल्या, खाली आल्या, आणि ती हसली.

आता भुवई वर करणं म्हणजे तिकडे हो. दुकानात, चर्चमध्ये, रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला, बिनआवाजाचा पक्का हो. अशा होकारावर माणसं जमिनी देतात, मुली देतात. आणि पाहुण्यांच्या भुवया वेगळ्या असतात हे इसिकेलीपेक्षा जास्त कुणाला ठाऊक होतं? कामावर नव्या लागलेल्या माणसांना तोच शिकवायचा, "पाहुण्याच्या भुवयांकडे बघायचं नाही. त्यांच्या भुवया नुसत्याच उडतात, पाखरासारख्या. तोंडातून शब्द येईस्तोवर थांबायचं."

पण तहानलेल्या माणसाला ओली जमीन दिसली की तो ओंजळ धरतो. त्याने त्या भुवया बघितल्या, "विनाका, मॅडम, खूप विनाका" म्हणून आभार मानले, आणि जवळजवळ पळतच तिथून निघाला. आणखी थांबलो तर होकार परत घेतला जाईल असं वाटल्यासारखा.

गुरुवारी तो वर गेला. रिकाम्या हाताने जायची रीत नाही. कागदात बांधलेली यंगोनाच्या मुळ्यांची जुडी त्याने मामापुढे ठेवली आणि खाली बसला. आपाकुकीमामा आता थकला होता, पण पाठ अजून ताठ. त्याने जुडीला हात लावला, ओंजळीच्या टाळ्या वाजवल्या आणि मुळ्या स्वीकारल्या. मुळ्या कुटून, पाण्यात पिळून, करवंटीतून दोघांनी एकेक घोट घेतल्यावर मगच मामाने विचारलं,

"बोल, भाच्या. काय पाहिजे?"

बहिणीच्या मुलाने मामाच्या गावात काही मागितलं तर नाही म्हणायचं नसतं. ती त्यांची रीत. भाचा परसातलं कोंबडं नेईल, भिंतीवरची चटई नेईल, मामाने हूं की चूं करायचं नाही. म्हणूनच शहाणा भाचा कमी मागतो. इसिकेलीने आजवर त्या घरातून एक शहाळंही मागून घेतलं नव्हतं.

"शनिवारी पाहुणे आणतोय," तो म्हणाला. "मोठं घराणं आहे. भट्टी लावायला पाहिजे. आणि डुक्कर."

"कुठलं?"

"ठिपक्यांचं."

मामाने करवंटी खाली ठेवली. ठिपक्यांचं डुक्कर पिलू असताना एरोनीने, खाली जाण्याआधी, बाटलीने दूध पाजून वाढवलेलं. ते नाताळसाठी राखलेलं होतं.

"माणसं चालतील ना रे वरपर्यंत?" मामाने विचारलं. "मागे एका बाईला मी पाठीवर घेऊन आलो होतो. आता ती पाठ नाही माझी."

"चालतील. आजी खंबीर आहे."

"येणार म्हणाली?"

इसिकेलीच्या भुवया वर गेल्या.

मामानेही भुवया वर केल्या. झालं. गावाने ऐकलं, बायका अळू खणायच्या गोष्टी करू लागल्या, आणि इसिकेली उतरताना गाणं गुणगुणत उतरला.

शुक्रवारी संध्याकाळी तो मागच्या अंगणात बांबूच्या काठ्या तासत बसला होता. प्रत्येक पाहुण्याला एक. मोठ्यांना उंच, नातवंडांना बुटक्या. धरायच्या जागी कुसळ लागू नये म्हणून तो काच घेऊन घासत होता. लाइसा पायरीवर बसून पोटऱ्यांना खोबरेल चोळत होती. ती रिसॉर्टमध्ये खोल्या साफ करायची.

"ते न्यूझीलंडचे येणार आहेत का?" तिने विचारलं.

"तेच."

"त्यांच्या खोल्या माझ्याकडे आहेत. एकाही खोलीत चालायचे बूट नाहीत. सगळ्या रबरी सपाता."

"सपाता चालतात."

"ओढ्यात?"

इसिकेली घासत राहिला.

"म्हातारी चांगली आहे," लाइसा म्हणाली. "मी चादर बदलत होते तर म्हणाली, तू बस, मी तुला चहा देते. दिला तिने, खरंच. तिकडे ती म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात कामाला आहे. उचलणं, आंघोळी घालणं, सगळं उभ्याने. मला तिच्या घोट्यांकडे बघूनच कळलं होतं."

"मग तिला वरची हवा बरी वाटेल."

लाइसा हसली. "मला कुणी म्हणालं ना, की आठ दिवस नुसती पडून राहा, तर मी त्या खुर्चीतून मान वळवून तुझ्या डोंगराकडे बघणारसुद्धा नाही."

"तू तर त्या गावची भाचेसून."

"म्हणूनच सांगते. चढलेय मी."

ती सहज बोलली होती. पण इसिकेलीच्या हातातली काच निसटली आणि अंगठ्याला लागली. त्याने अंगठा तोंडात धरला. घरातलं माणूसही आरामखुर्चीच्या बाजूने बोलतं, तर भांडायचं कुणाशी?

"ती तोंडाने हो म्हणाली ना?" लाइसाने मग विचारलं.

"म्हणाली," तो म्हणाला, आणि काठ्या मोजल्यासारखं करून आत निघून गेला.

शनिवारी सकाळी तो मागच्या फाटकाजवळच्या मोठ्या शिरीषाखाली उभा राहिला. स्वच्छ सुलू, केसांना तेल, कानामागे जास्वंद. काठ्या खोडाला ओळीने टेकवलेल्या. दिवस असा सुरेख उजाडला होता की डोंगराची प्रत्येक घळ वेगळी दिसत होती. नाश्त्याची वेळ झाली. नाश्ता संपला. नातवंडं फुगे घेऊन पूलकडे पळाली. जावई पेपर घेऊन गेले. लेकी तेलाच्या बाटल्या घेऊन गेल्या. प्रत्येक जण जाताना त्याच्याकडे बघून हात हलवत होता, "बुला, इसिकेली." तोही हात हलवत होता. त्याला वाटलं, बूट घालायला परत येतील.

त्याने उकाड्यात चपला काढून झाडाशी ठेवल्या आणि मुळावर टेकला. मग उठला. मग पुन्हा टेकला. शेवटी तो अनवाणीच वाळूतून चालत खुर्च्यांकडे गेला.

कोलीनबाई नेहमीच्या खुर्चीवर होती. पायांखाली गुंडाळलेला टॉवेल.

"मॅडम, निघायचं ना?"

"कुठे?"

"वर. गावाला. आज शनिवार."

तिने गॉगल काढला. त्याच्याकडे बघितलं, त्याच्या कानामागच्या फुलाकडे बघितलं. "अरे देवा. आम्ही येतो असं मी म्हणाले होते का?"

तुमच्या भुवया म्हणाल्या, हे वाक्य कुठल्याही भाषेत नीट बसत नव्हतं.

"तू इतकं छान सांगत होतास," ती म्हणाली, "मला वाटलं, वा, किती सुंदर. एवढंच. हो असं मी म्हणाले नाही. म्हणाले का?"

"नाही, मॅडम. तुम्ही नाही म्हणालात."

"तुला वाईट वाटलं."

"नाही, नाही."

"ऐक," ती उठून बसली. "मी वर्षभर पायांवर असते. इथे यायला मला किती दिवस पैसे साठवावे लागले ते माझं मला माहीत. तू मला जगातली सगळ्यात सुंदर जागा दाखवशील, मला खात्री आहे. पण मला काही बघायचं नाहीये रे. मला कुणी काही दाखवू नये, यासाठीच मी आलेय. तुला कळतंय ना मी काय म्हणते?"

त्याला कळत होतं, पूर्ण कळत होतं. ती खोटं बोलली असती, उद्या येते म्हणाली असती, तर बरं झालं असतं. त्याला मनातल्या मनात चार शब्द तरी सुनावता आले असते. तो अंगठ्यावरची कालची चीर दाबत उभा राहिला.

तिची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे गेली. "तो धूर कसला?"

इसिकेली वळला. डोंगराच्या माथ्याखाली, बांबूच्या हिरव्यात, धुराची एक सरळ बारीक दोरी आकाशात चालली होती. दगड तापत होते. म्हणजे डुक्कर पहाटेच कापून झालं होतं. बायकांनी चटया अंथरल्या असतील. मामाने चांगला शर्ट घातला असेल आणि वळणावर कुणाला तरी उभं केलं असेल, पाहुणे दिसले की हाक द्यायला.

"कुणीतरी रान साफ करतंय, मॅडम," तो म्हणाला.

"छान दिसतंय," ती म्हणाली, आणि तिच्या एका लेकीने फोन वर करून धुराचा फोटो काढला.

तो पूलकडे वळला. एरोनी पेले पुसत सगळं बघत होता.

"काय मेहुणे? बकऱ्या नाही म्हणाल्या? चपला दाखवल्या नाहीत वाटतं."

इसिकेली बारला टेकला.

"या, बसा. पाण्यात पाय सोडा. तुम्हाला फुकट देतो, छत्री लावून. दमला असाल, एवढा डोंगर न चढून."

"एरोनी, तुझ्याकडे यंगोना आहे?"

"आहे. रात्री पोरांबरोबर पिणार होतो. का?"

"सगळी दे. मोठी जुडी."

एरोनीने फडका खाली ठेवला. एवढी मोठी जुडी कशाला लागते ते सांगायची गरज नव्हती. माफी मागायला जाणाराच अशी मागतो. त्याने डोंगराकडे बघितलं. धूर बघितला. मग इसिकेलीकडे.

"बाबांनी लावलीय?"

"मी मागितली."

"काय घातलं भट्टीत?"

इसिकेली पाण्याकडे बघत राहिला. "ठिपक्यांचं."

एरोनीच्या तोंडावर अजून मघाचं हसू तसंच राहिलं होतं, ते काढून घ्यायचं तो विसरला होता. मेहुण्याला काय वाट्टेल ते बोलायची मुभा असते. तरी तो "बाईने हो म्हटलं होतं ना पण?" एवढंच म्हणाला.

"भुवया उडवल्या."

"भुवया," एरोनी म्हणाला. "तुम्ही. तुम्ही मला शिकवलंत ते, मेहुणे. याच बारशी उभं करून."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय? दे ती जुडी."

एरोनी मागच्या फडताळातून जुडी घेऊन आला. जाडजूड मुळ्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. त्याने ती एका हाताने दिली नाही, दोन्ही हातांनी दिली. दोघांत चेष्टा चालते तेव्हा असं करत नाहीत.

तेवढ्यात जेवणाच्या हॉलकडून वानी आली. तिच्या बोटांना खडूची पूड होती. तिने फाटकाशी काठ्या बघितल्या, खुर्च्यांवरची माणसं बघितली.

"दादा," ती म्हणाली, "मी थांबले होते. नाश्ता होईपर्यंत फळ्यावरचं तुमचं नाव पुसलं नव्हतं."

"पुसलंत का?"

"आता पुसलं."

"वरती काय लिहिलंत?"

"सकाळचा मसाज." तिने खिशातून टपरीची किल्ली काढली. "आज नको. सोमवारपासून या. आज घरी जा तुम्ही."

इसिकेलीने किल्लीकडे बघितलं. घेतली नाही, नाकारलीही नाही. दोन्ही हातांत जुडी होती. वानीने ती किल्ली एरोनीच्या बारवर, एका ओल्या पेल्याशेजारी ठेवली.

"सोमवारी कोण बघेल वाटेकडे?" इसिकेलीने विचारलं.

"कुठल्या?" वानी म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं. पण तेव्हा बोलायला उशीर झाला होता.

शिरीषाखाली नातवंडांना काठ्या सापडल्या होत्या. बुटक्या काठ्या घेऊन ती वाळूत तलवारी खेळत होती. उंच काठीने एक जण पाण्यात पडलेला चेंडू ओढत होता. काठी चांगली घासलेली होती, हाताला लागत नव्हती. इसिकेली त्यांच्यामधून गेला. एका मुलीने विचारलं, "या तुझ्या आहेत?" तो म्हणाला, "तुमच्याच आहेत."

फाटकाची कडी त्याने कोपराने काढली. वरचं माणूस वळणावर उभं असणार. आधी त्याला एकटा इसिकेली दिसेल. तो वाट बघेल की मागून बाकीचे येतील. मग इसिकेली मामाच्या दारात बसेल, जुडी पुढे ठेवेल आणि मान खाली घालेल. मामा काही बोलणार नाही. भाच्याला काही बोलायचं नसतं. तेच सगळ्यात वाईट.

"मेहुणे!" एरोनी बारमधून धावत शिरीषापाशी आला होता. त्याच्या हातात जाड सोलच्या चपला होत्या. "चपला! चपला घाला की!"

इसिकेली उसाच्या बांधावर होता. त्याने ऐकलं असावं, कारण त्याची पाठ क्षणभर थांबली. मग ती पुन्हा चालू लागली, अनवाणी, छातीशी जुडी धरून, ओढ्याच्या दिशेने.

वानी हॉलच्या दारात उभी राहून बघत होती. कोलीनबाईने खुर्चीतून मान वळवली आणि गॉगल कपाळावर चढवला. तिच्या भुवया वर गेल्या. एरोनी फाटकात चपला घेऊन उभा राहिला. बारवर कुणीतरी पेला वाजवून त्याला बोलावत होतं. पेरूच्या रानात इसिकेलीचा निळा सुलू दिसेनासा झाला, तरी एरोनी तिथेच होता.